आरएक्स १०० वर आरडीच्या धाटणीची टाकी : एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरल्यानंतर

माझ्या यामाहा आरएक्स १०० मोटरसायकलवर आरडी ३५० च्या धाटणीची पेट्रोलची टाकी बसवून एक उन्हाळा आणि एक अख्खा पावसाळा उलटला. रोजचं कोल्हापूर-कागल, सुट्टीला फोंडा घाट नाहीतर आंबोली, आणि एकदा गोवा, एवढं सगळं या टाकीवर झालंय. बसवली तेव्हा ‘कशी आहे?’ असं बऱ्याच जणांनी विचारलं होतं, पण मी मुद्दाम थांबलो. पहिल्या आठवड्यात कुठलीही टाकी छानच दिसते. वापरल्यावर माझं मत एकच झालंय : टाकी वरून बघून घेऊ नका, उलटी करून बघा. ती गाडीवर नांदणार की नाही हे तिच्या पोटाखाली ठरतं.

आरडी म्हणजे एस्कॉर्ट्सने १९८३ ते १९८९ या काळात बनवलेली राजदूत ३५०. आरएक्स १९८५ ला आली. दोन्ही यामाहाच्या घराण्यातल्या, दोन्ही टू-स्ट्रोक, त्यामुळे आरडीची लांबट, भरीव टाकी आरएक्सच्या सडपातळ फ्रेमवर परकी वाटत नाही. शिवाय आरएक्सची टाकी साडेदहा लिटरची आणि आरडीची सोळाच्या घरातली. मात्र मूळ आरडीच्या टाक्या आता फार थोड्या उरल्यात आणि त्या आरडीवरच राहाव्यात असं मला मनापासून वाटतं. कुणाची तरी रिस्टोअर होत आलेली गाडी टाकीवाचून अडून असताना मूळ टाकीवर ग्राइंडर चालवणं मला पटत नाही. म्हणून मी पत्र्याची कॉपी घेतली, तीही वापरलेली.

कॉपी टाकीची पहिली अडचण म्हणजे ती दोन्ही बाजूंनी सारखी असेलच असं नाही. माझ्या टाकीत पुढच्या रबरी बुशांच्या (फ्रेमवरचे रबरी आधार, ज्यांवर टाकी बसते) खोबणी एकमेकींशी समपातळीत नव्हत्या. टाकी नुसती ठेवली तरी उजवीकडे झुकलेली दिसायची. दुकानात हे कळत नाही. सपाट फरशीवर उलटी ठेवून दोन्ही खोबणींवर पट्टी आडवी धरली की लगेच दिसतं.

काम सुरू करताना मी एक गोष्ट पक्की केली होती. जे काही कापायचं, जोडायचं ते टाकीत, फ्रेमला वेल्डिंग लावायचं नाही. हँडलच्या मानेजवळ फ्रेमवर सगळ्यात जास्त ताण असतो, चेसिस नंबरही तिथेच असतो, आणि उद्या मूळ टाकी परत चढवायची तर फ्रेम जशीच्या तशी हवी. त्यामुळे फ्रेमवरचे पुढचे बुश आहेत तिथेच ठेवले आणि टाकीतल्या खोबणी कापून त्यांच्या मापाने नव्या बसवल्या. मागच्या बाजूला फ्रेमच्या नळीभोवती दोन अर्ध्या पट्ट्यांचा क्लॅम्प केला, त्यात रबर, आणि त्यावर टाकीचा मागचा कान (बाहेर आलेली भोकाची पट्टी) बोल्टने. टाकी आरएक्सपेक्षा लांब, म्हणून सीट पुढून आखूड करावी लागली. मूळ सीटला हात न लावता दुसरा सांगाडा बनवून घेतला.

वेल्डिंगबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण यात माणसं जायबंदी होतात. पेट्रोल काढलेली रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते. आत वाफ आणि हवा दोन्ही असतात, ठिणगीचीच काय ती कमी. शिवाजी उद्यमनगरातल्या ज्या कारागिराकडे काम दिलं त्यांनी आधी झाकण आणि कॉक (पेट्रोलची तोटी) काढून टाकी साबणाच्या गरम पाण्याने पुन्हा पुन्हा धुतली, उन्हात वाळवली, वास पूर्ण गेल्यावरच टेबलावर घेतली आणि आत आर्गॉन वायू सोडून मगच टिग वेल्डिंग लावलं. जो वेल्डर ‘काही होत नाही, द्या इकडे’ म्हणतो त्याच्याकडून टाकी परत घेऊन या. तपासणीसाठी सगळी तोंडं बंद करून सायकलच्या पंपाने जेमतेम दाब दिला आणि जोडांवर साबणाचा फेस लावला. डाव्या खोबणीच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढा एक बुडबुडा फुगत राहिला, तो जोड पुन्हा मारला. कंप्रेसरची हवा सोडू नका, पत्रा फुगतो आणि जोड सुटू शकतो.

आता पेट्रोलच्या वाटेबद्दल. अशी टाकी फ्रेमच्या नळीच्या दोन्ही बाजूंना खाली उतरलेली असते, म्हणजे मधे नळीसाठी बोगदा राहतो आणि तळाशी दोन वेगळे कप्पे होतात. कॉक डावीकडे. पेट्रोल बोगद्याच्या पातळीखाली गेलं की उजव्या कप्प्यातलं डावीकडे येतच नाही. गाडी रिझर्व्हलाही बंद पडते आणि टाकी हलवली तर आत पेट्रोल खळखळतं. गाडी डावीकडे आडवी केली की ते इकडे येतं, पण हमरस्त्यावर रोज कोण हे करणार? उपाय म्हणजे दोन्ही कप्प्यांच्या तळाला नोझल बसवून मधून पाइप जोडणं. मी तो पाइप सिलिंडरच्या हेडपासून लांब, मागून कार्ब्युरेटरच्या वरून नेला आणि दोन्ही टोकांना छोटे कॉक दिले, म्हणजे टाकी उतरवताना पेट्रोल सांडत नाही. या कामातला सगळ्यात चांगला खर्च कुठला विचाराल तर हाच.

कॉक कुठे बसतो तेही महत्त्वाचं. माझा कॉक मागच्या अंगाला आहे. आंबोली उतरताना पेट्रोल कमी असेल तर ते पुढच्या टोकाला जमतं आणि लांब उताराच्या शेवटी इंजिन एकदम कोरडं पडल्यासारखं बोलायला लागतं. आरएक्समध्ये इंजिनाला तेल पेट्रोलमधूनच जातं, म्हणून हे नुसतं गैरसोयीचं नाही, पिस्टनच्या जिवावरचं आहे. मी घाट उतरण्याआधी टाकी निम्मी तरी ठेवतोच.

रंगकामाने एक त्रास दिला. झाकणाला हवा आत घेणारं बारीक भोक असतं. रंगाऱ्याने झाकण न काढता फवारणी केल्याने ते बुजलं होतं. गाडी सुरू होऊन पाच-सहा किलोमीटर मस्त चालायची आणि मग गुदमरून बंद पडायची. कार्ब्युरेटरचे जेट साफ केले, प्लग बदलला, काही फरक नाही. अशा वेळी लगेच झाकण उघडायचं. फुस्स करून हवा आत ओढली गेली आणि गाडी चालू झाली, तर दुखणं झाकणात आहे.

पावसाळ्यानंतर मागच्या कानाजवळ तपकिरी रेघ दिसली. केसाएवढी, पुसली की जायची, दोन दिवसांत परत यायची. पेट्रोल उडून जातं आणि त्यात मिसळलेलं टूटी ऑइल (टू-स्ट्रोकचं तेल) मागे राहून धूळ धरतं, म्हणून आमच्या गाड्यांत गळती अशी रेघ बनून दिसते. कान थेट टाकीच्या पातळ पत्र्यावर जोडला होता आणि सगळी थरथर त्या एका टोकावर येत होती. आता कानाखाली तळहाताएवढी जाड पट्टी घालून भार पसरवलाय आणि क्लॅम्पमध्ये मऊ रबर घातलंय. तेव्हापासून कोरडी आहे. नवी टाकी करून घेणाऱ्यांनी ही पट्टी पहिल्याच दिवशी मागावी.

गंज लागू नये म्हणून टाकीला आतून जो लेप देतात त्याबाबत घाई नको. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या प्रकारचे काही लेप त्यात मऊ पडून सालपटं सोडतात आणि ती थेट कॉकच्या जाळीत येतात. माझ्या टाकीत गंज वरवरचा होता, तो काढून मी लेप न लावता तशीच ठेवली. इथेनॉल पाणी ओढून घेतं, म्हणून पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवायची आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्ब्युरेटर रिकामा करायचा. पाइपही इथेनॉल चालणारेच घ्या, साधे पाइप कडक होऊन टोकाला चिरतात.

चालवायला कशी वाटते? कापाकापीनंतर पाणी ओतून मापली तर पंधरा लिटरला थोडी कमी भरते. म्हणजे टाकी फुल असताना मूळपेक्षा तीन किलोंवर जादा पेट्रोल, तेही उंचावर. शंभर किलोंच्या आसपासच्या गाडीला ते जाणवतं. गल्लीतल्या वळणात हँडल जड लागतं, हमरस्त्यावर मात्र पुढचं चाक शांत राहतं. गुडघे टाकीला छान बिलगतात, घाटात गाडी मांड्यांनी धरता येते आणि मनगटांवरचा भार कमी होतो. याचा मला खरंच आनंद आहे. कोल्हापूर ते पणजी वाटेत पेट्रोल न भरता आरामात होतं. मागे बसणाऱ्याचे मात्र हाल आहेत. आखूड सीटवर लांबचा प्रवास मी कुणाला सुचवणार नाही. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बोटं टाकीत अडकत नाहीत ना, आणि वळवताना इंजिनची रेस वाढत नाही ना, हे आधी बघा. रेस वाढत असेल तर टाकीखाली एक्सलेटरची केबल ताणली जातेय.

कायद्याचंही बघून घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबाबत कडक आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरफारासाठी प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड आणि कैदेचीही तरतूद आहे. टाकी बदलण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी दोघांनाही विचारा. रंग मी आरसीवर आहे तोच ठेवला.

फ्युएल इंजेक्शनच्या, म्हणजे कार्ब्युरेटर नसलेल्या गाडीवर हे करू का, असं दोघा-तिघांनी विचारलं. मी तरी करणार नाही. त्यांचा पंप टाकीच्या आत बसतो, त्याला तळाशी नेमक्या मापाचं भोक, सपाट बैठक आणि ठराविक खोली लागते आणि तिथून पेट्रोल दाबाने जातं. तिथली गळती माझ्यासारखी तपकिरी रेघ दाखवून थांबत नाही. कार्ब्युरेटरची जुनी गाडी असेल तर जरूर करा. टाकी, वेल्डिंग, सीट आणि रंग धरून माझे पंधरा हजारांच्या आत गेले, वेळ मात्र ठरवल्याच्या दुप्पट लागला. मूळ टाकी आतून टूटी ऑइल फिरवून, तोंडं बंद करून माळ्यावर ठेवलीय.