गोलाईतलं काष्ठौषधीचं दुकान: माल चोख, विचारपूस शून्य

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, त्यातल्याच एका रस्त्यावर हे दुकान आहे. पुढं तक्रार आहे म्हणून नाव लिहीत नाही.

एसटीत तीस वर्षं कंडक्टर होतो, घसा आधीच वापरून झालेला. यंदा सोयाबीनच्या राशीला शेतात गेलो आणि कोरडा खोकला लागला. रात्री दीड-दोनला उठून बसायचो. मंडळी म्हणाली, "धुराळा गेलाय छातीत. गोलाईतून काढ्याचं सामान आणा."

मालाला नाव ठेवायला जागा नाही. अडुळशाचा पाला सकाळी ताजा येतो, अकरानंतर गेलात तर देठं मिळतील. सितोपलादी समोर कुटून देतात: खडीसाखर सोळा भाग, वंशलोचन आठ, पिंपळी चार, वेलची दोन, दालचिनी एक. वंशलोचन काढताना शेठ स्वतःहून म्हणाले, "हे कारखान्यातलं हाय मामा. बांबूतलं पायजे तर ह्या डब्यातलं घ्या, भाव लई हाय." असं सांगणारा दुकानदार मी तरी दुसरा पाहिला नाही.

मग म्हणाले, "कवापासून खोकलायलाव? जेष्ठमध न्या. काडी तोंडात ठेवा, काढ्यातबी टाका." वय विचारलं नाही, गोळ्या चालू आहेत का तेही नाही. मीही बोललो नाही. तीन आठवडे रोज चघळला. खोकला होता तिथंच, वर डोकं जड. दवाखान्यात बीपी मोजलं तर 170 वर 100.

डॉक्टरांनी आधी थुंकी तपासायला सरकारी दवाखान्यात पाठवलं. दोन आठवड्यांवर खोकला असला की टीबीची तपासणी करायचीच. तिथं ती फुकट होते. ती साफ आली. मग त्यांनी माझ्या गोळ्यांचं पाकीट उलटंपालटं करून पाहिलं. बीपीची गोळी रॅमिप्रिल. ह्या जातीच्या गोळ्यांनी काही लोकांना असाच कोरडा खोकला लागतो, सोयाबीनचा धुराळा उगीच बदनाम! गोळी सुरू करून देताना हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आणि जेष्ठमधातल्या ग्लायसिरायझिननं अंगात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम उतरतं, बीपी चढतं. म्हणजे खोकला गोळीचा, त्यावर औषध बीपी वाढवणारं, आणि पैसे दोन्हीकडं माझेच. गोळी बदलली, जेष्ठमध बंद केला; पंधरा दिवसांत रात्रीची झोप परत आली.

म्हणून झाडपाला खोटा, असं मी म्हणणार नाही. अडुळशातल्या व्हॅसिसिनवरूनच ब्रोमहेक्सिन तयार झालं, ते आजही कफाच्या सिरपमध्ये असतं. पण ते कफाचं औषध, माझ्या कोरड्या ठसक्याला त्याचा काय उपयोग? आणि गरोदर बाईला अडुळसा देत नाहीत, गर्भाशय आकुंचन पावतं. मधाचं मात्र पक्कं आहे. 2007 साली अमेरिकेत 105 लेकरांवर चाचणी झाली, झोपायच्या आधी चमचाभर मध दिलेल्यांचा रात्रीचा खोकला काहीच न दिलेल्यांपेक्षा कमी झाला. सहा वर्षांच्या नातवाला आम्ही तेच देतो.

मालाला पाचपैकी साडेचार, सल्ल्याला एक. हा एकसुद्धा वंशलोचनाचा.

बरं झाल्यावर शेठला सगळं सांगितलं. "आमी काय डाक्टर हाव का मामा?" म्हणाले. तेवढ्यात एक पोरगी आली, कडेवर आठ महिन्यांचं लेकरू, नाक वाहतंय. शेठ म्हणाले, "सितोपलादी मधात चाटवा." मी म्हणालो, "बाई, वर्षाच्या आतल्या लेकराला मध अजिबात देऊ नको. त्यातल्या जंतूंनी बोटुलिझम होतो, लेकराचं अंग ढिलं पडतं. आधी डॉक्टरला दाखव." तिनं शेठकडं पाहिलं. शेठ काट्यावरचा शून्य बघत बसले. मग तिनं घरासाठी दहा रुपयांचा ओवा घेतला आणि दवाखाना कोणत्या रस्त्याला, ते मला विचारलं.