'मेड इन जपान' : धंद्यात वापरून बघितल्यावर

अकिओ मोरिता म्हणजे सोनी या जपानी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीचे एक संस्थापक, हे बहुतेकांना ठाऊक आहे, तेव्हा थेट पुस्तकावर येतो. १९८६ चं त्यांचं आत्मचरित्र, अप्पा बळवंत चौकातून स्वस्तात घेतलेली जुनी प्रत. पहिल्या वाचनात सुरुवात आवडली, शेवटचा भाग कंटाळवाणा वाटला. अमेरिकेचं काय बिघडलंय, तिथे वकील किती झालेत, यावर पानंच्या पानं. तेव्हा तीन तारे दिले असते.

मग आमच्या वर्कशॉपवर वेळ आली. भोसरीत आम्ही छोटे ट्रान्सफॉर्मर आणि बॅटरी चार्जर बनवतो. एका मोठ्या पार्टीने मोठा लॉट उचलला, 'दर तिमाहीला एवढाच माल लागेल' असं सांगून रेट पार खाली आणला. त्या भरवशावर कर्ज काढून दुसरं वायंडिंग मशीन आणलं. हप्ते सुरू झाले आणि रिपीट ऑर्डर गायब. मालाबद्दल एक तक्रार नाही. विचारलं की 'बघू, कळवतो'. संताप झाला, आणि पुस्तकातला एक किस्सा आठवून ते पुन्हा काढलं.

१९५५ साली मोरिता ट्रान्झिस्टर रेडिओ घेऊन न्यूयॉर्कला गेले होते. बुलोव्हा या अमेरिकन घड्याळ कंपनीची एक लाख रेडिओंची ऑर्डर त्यांनी नाकारली, कारण रेडिओवर नाव बुलोव्हाचं लागणार होतं. टोकियोहून 'नावाचं सोडा, ऑर्डर घ्या' असं सांगितलं गेलं, तरी नाही. हा किस्सा सगळे सांगतात. मला धरून बसला तो त्याच्या शेजारचा.

दुकानांची मोठी साखळी असलेल्या एका खरेदीदाराने ५,००० पासून १ लाखापर्यंत वेगवेगळ्या लॉटचे भाव मागितले. मोरितांनी हॉटेलच्या खोलीत हिशोब मांडला. ५,००० ला नेहमीचा भाव, १०,००० ला सगळ्यात कमी, तिथून पुढे भाव वर चढत जातो. ५० हजारांच्या लॉटला नग ५ हजारांपेक्षा महाग, १ लाखाला आणखी महाग! खरेदीदार चक्रावला. मोरितांचं म्हणणं सरळ होतं : एवढा माल द्यायचा तर कारखाना वाढवावा लागेल, माणसं घ्यावी लागतील. पुढच्या वर्षी ऑर्डर आली नाही तर ती माणसं आणि ती यंत्रं घेऊन मी काय करू? म्हणून तो सगळा खर्च याच लॉटमध्ये धरलाय. खरेदीदाराने १०,००० घेतले.

जेमतेम दोन-तीन पानांचा मजकूर. माझ्या दृष्टीने पुस्तकाची निम्मी किंमत तिथेच वसूल होते.

नंतर एका पार्टीने ५००, १,००० आणि ५,००० चे रेट मागितले, तेव्हा मी तसंच कोटेशन दिलं. परचेस मॅनेजर म्हणाले, "साहेब, तुमचा टायपिंगचा घोळ झालाय." मी मशीन, हप्ता, पगार असं सगळं ओळीने मांडलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण ऑर्डर दिली नाही. वाईट वाटलं. तरी पुढच्या पार्टीलाही हेच कोटेशन गेलं आणि तिने १,००० नग ॲडव्हान्स देऊन घेतले. आता आमच्याकडे रेट असेच लावले जातात.

हाताने काम करणाऱ्याला सुरुवातीची प्रकरणंही सोडवत नाहीत. गळक्या छपराखाली टेबलावर छत्र्या उघडून बसलेली माणसं. टेपरेकॉर्डरच्या टेपसाठी रासायनिक पूड फ्राइंग पॅनमध्ये भाजून मऊ केसांच्या ब्रशने कागदाच्या पट्ट्यांवर लावायची. एवढं करून १९५० ला निघालेला टेपरेकॉर्डर अवजड आणि दीड लाख येनहून महाग. गिऱ्हाईक नाही! मग त्यांच्या लक्षात आलं की न्यायालयांत लघुलेखकांची टंचाई आहे, आणि जपानच्या सर्वोच्च न्यायालयाला २० नग गेले.

एक गोष्ट मात्र वाचताना विसरू नये. साके बनवणाऱ्या जुन्या श्रीमंत घराण्याचा हा थोरला मुलगा. वडिलांनी पैसे दिले, वेळेवर परत मागितले नाहीत, बदल्यात शेअर घेतले. मोरिता हे लपवत नाहीत, पण बँकेचा हप्ता डोक्यावर असताना एक लाखाची ऑर्डर नाकारणं वेगळं.

बेटामॅक्स या सोनीच्या व्हिडिओ कॅसेट पद्धतीबद्दल माझी नाराजी कायम आहे. घरी टीव्हीवरचे कार्यक्रम रेकॉर्ड करण्याबद्दलचा खटला सोनीने १९८४ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकला, त्यावर मोरिता मोकळेपणाने लिहितात. व्हीएचएस या प्रतिस्पर्धी पद्धतीने बाजार कसा नेला, यावर हात आखडता. १९८८ मध्ये सोनीलाच व्हीएचएस यंत्रं काढावी लागली. कारखानदाराला त्या हरण्याचा हिशोबही हवा होता. त्यासाठी अर्धा तारा कापून साडेचार देतो.

जुनी प्रत घेणार असाल तर बांधणी नीट तपासा. माझ्या प्रतीची न्यूयॉर्कची पानं सुटली, ती आता कोटेशनच्या फाइलला लावली आहेत.