फॅटी लिव्हर असेल तर बडोद्याच्या दांडिया बाजारातली ही जिम बघाच
बाबांच्या सोनोग्राफीत ग्रेड २ फॅटी लिव्हर निघालं, म्हणजे लिव्हरमध्ये मध्यम प्रमाणात चरबी साठलेली, आयुष्यात दारूला हात लावला नाही तरी, आणि डॉक्टर म्हणाले की व्यायाम हवाच, म्हणून त्यांना इथे घातलं. ट्रेनर खरंच चांगला आहे हो, आधी रिपोर्ट बघितले, गुडघ्यांचं विचारलं, मग आठवड्याला १५० मिनिटं होतील असं सायकल नि भरभर चालणं ठरवलं, वर दोन दिवस हलकी वजनं. काटा हलेना म्हणून बाबा खट्टू झाले तर त्याने शांतपणे समजावलं, काका, वजन फारसं न उतरताही लिव्हरमधली चरबी कमी होते, स्नायू साखर वापरायला लागतात, इन्सुलिन नीट काम करतं. पण लिव्हरची सूज उतरवायची तर ७ ते १० टक्के वजन घटायला हवं, म्हणजे सेव उसळ आणि फाफड्याला आवर घालाच.
फॅट बर्नरचे डबे कुणाच्या गळ्यात मारत नाहीत, हे मला सगळ्यात आवडलं, कारण असल्या काही गोळ्या-पावडरींनी लिव्हरलाच इजा होते. संध्याकाळी मात्र गर्दी फार, सायकली दोनच, पार्किंगचं तर विचारूच नका. वयस्कर माणसांना डॉक्टरांना विचारून सकाळी ७ च्या आत पाठवा.