वाटाड्याबरोबर डोंगरातल्या तळ्यापर्यंत

उन्हाळ्यात उंचावरच्या एखाद्या तळ्यापर्यंत एका दिवसात जाऊन येण्यासाठी वाटाड्याची सेवा घ्यावी का, हा प्रश्न नावनोंदणी करतानाही माझ्या मनात होता. कारण पायवाट चांगली मळलेली होती, नकाशा हाताशी होता आणि आकाश निरभ्र राहील असा अंदाज होता. आता माझे मत असे आहे की वाट सापडण्यासाठी नव्हे, तर कुठे थांबायचे आणि केव्हा मागे फिरायचे हे कळण्यासाठी ही सेवा घ्यावी.

आधी तक्रार नोंदवतो. माहितीपत्रकात ही चढाई ‘सोपी, दोन तासांची’ असल्याचे म्हटले आहे. एका बाजूचे अंतर ६ किलोमीटर आणि चढ ७०० मीटर आहे. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये सांगितलेल्या ठोकताळ्याप्रमाणे दर ५ किलोमीटरना एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास धरला, तरी कुठेही न थांबता दोन तास वीस मिनिटे होतात, आणि हा हिशेब धडधाकट माणसाचा आहे. आम्हाला साडेतीन तास लागले. पत्रकावर विसंबून आलेल्या दोन वयस्कर सोबत्यांची शेवटच्या चढावर फार दमछाक झाली, हे मला मुळीच आवडले नाही. शिवाय अरुंद वाटेवर चौदा जणांची तुकडी मोठीच होते.

वाटाड्या मात्र उत्तम होता. झाडांची हद्द संपल्यावर दगडांच्या राशीपाशी त्याने सर्वांना खाली बसवले आणि तब्बल वीस मिनिटे बोलू दिले नाही. तेवढ्यात मुठीएवढा, गोल कानांचा, बिनशेपटीचा एक पिका, म्हणजे सशाच्या नात्यातला छोटा डोंगरी प्राणी, तोंडात फुलांसकट गवताचा झुबका धरून आला आणि दगडांच्या फटीत नाहीसा झाला. पाच मिनिटांत तो पुन्हा आला, पुन्हा तेच. जवळच राहणारे मारमॉट, म्हणजे खारीच्या कुळातले, बिळात राहणारे मोठे प्राणी, अंगावर चरबी साठवून हिवाळाभर निद्रा घेतात, पिका मात्र अशी निद्रा घेत नाही, म्हणून त्याला उन्हाळ्यातच चारा वाळवून ठेवावा लागतो, हे वाटाड्याने नंतर हलक्या आवाजात सांगितले. ज्या फुलांची आम्ही छायाचित्रे काढत होतो, ती कुणाची तरी हिवाळ्याची बेगमी होती, हे डोळ्यांनी पाहिल्यावर फूल न तोडण्याचा नियम वेगळा समजावून सांगावा लागला नाही. दगडाला बिलगून वाढलेला, तळहाताएवढा हिरवा गादीसारखा झुबका काही दशकांचा असू शकतो, हेही मला तिथेच कळले. त्यानंतर मी वाटेबाहेर पाऊल टाकले नाही.

तळ्यावर अर्धाच तास मिळाला. हिमनदीने खडक दळून केलेली पिठासारखी बारीक भुकटी पाण्यात तरंगत राहते आणि तिच्यामुळे पाण्याला तो दुधाळ निळसर रंग येतो. काठाशी बसून तो रंग ढगांच्या सावलीबरोबर बदलताना पाहावा, असे फार वाटत होते. जेवणाचा डबा साधा आणि पुरेसा होता.

परतीची वेळ पत्रकात दुपारी एकची दिली होती, पण वाटाड्याने साडेबारालाच निघायला सांगितले. काहींनी नाराजी दाखवली, तेव्हा त्याने गवतातली निळी जेन्शियनची फुले दाखवली. आम्ही आलो तेव्हा ती पूर्ण उमललेली होती, आता पाकळ्या मिटू लागल्या होत्या. ऊन झाकोळले आणि हवा गार झाली की ती मिटतात. पश्चिमेकडे ढग उंच चढत होते. आम्ही झाडांच्या हद्दीखाली बरेच उतरलो होतो, तेव्हा वर, उघड्या माळावर, विजेचा पहिला कडकडाट झाला.

मी पुन्हा जाईन, त्याच वाटाड्याबरोबर. मात्र तुकडी सहा-सात जणांची असेल आणि पहाटे एक तास आधी निघत असेल, तरच.