मॅनिफोल्ड गार्डन: सहा दिशांना ओळंबा

आधीच सांगते, मी गेमर वगैरे अजिबात नाही. आर्किटेक्ट आहे, पुण्यात असते, आणि गेली काही वर्षं पोटापाण्यासाठी बिल्डर लोकांना वॉकथ्रू करून देते, म्हणजे ते नाही का सॅम्पल फ्लॅट बघायला गेलं की टीव्हीवर फिरत असतं, सोनेरी ऊन, स्विमिंग पूल, जॉगिंग करणारी एक बाई (ती रेडिमेड विकत मिळते, म्हणून तीच बाई वाकडमध्ये पण पळते आणि खराडीत पण). हे सगळं आम्ही अनरियलमध्ये करतो, जे मुळात गेम बनवायचं इंजिन आहे. म्हणजे दिवसभर गेम इंजिनात बसलेली असते पण गेम कधी खेळले नव्हते. ऑफिसातला एक ज्युनियर मागेच लागला, मॅडम हा एक तरी बघाच, मग सेलमध्ये घेतला. सहकुटुंब मल्टिप्लेक्सला जाण्यापेक्षा नक्कीच स्वस्त पडला.

तर मॅनिफोल्ड गार्डन. शिकागोच्या विल्यम चिर या आर्टिस्टने केलाय. हा माणूस आधी फुग्यांची मोठमोठी इन्स्टॉलेशन करायचा, कॉलेजात फिजिक्स शिकलेला. २०१२ च्या शेवटी काम सुरू केलं आणि गेम बाहेर आला ऑक्टोबर २०१९ ला, सात वर्षं! आमच्याकडे सात दिवसांत वॉकथ्रू मागतात. सुरुवातीला नाव होतं रिलेटिव्हिटी, एशर या डच चित्रकाराच्या १९५३ च्या त्या प्रसिद्ध चित्रावरून, ज्यात एकाच घरात माणसं तीन वेगवेगळ्या दिशांना 'खाली' मानून जिने चढत असतात. कॉलेजात फर्स्ट इयरला सगळ्यांच्या हॉस्टेलच्या भिंतीवर ते चित्र असायचं, अर्थ कुणालाच धड सांगता यायचा नाही.

खेळायचं काय तर भिंतीजवळ जायचं, बटण दाबायचं, की ती भिंत जमीन होते. अख्खी बिल्डिंग तुमच्याभोवती गर्रकन वळते आणि जे छत होतं ती आता समोरची भिंत. अशा सहा दिशा आहेत, प्रत्येक दिशेला एक रंग, म्हणजे रंगावरून कळतं सध्या 'खाली' कुठे आहे ते. शत्रू नाही, बंदूक नाही, कुणी बोलत नाही, मरणं नाही. मला वाटलं होतं कोडी सोडवायचा गेम आहे, कोडी आहेतच, पण पहिला तास मी नुसती फिरत होते. दिसायला सगळं स्केचअपमधल्या (आम्ही इमारतींची साधी थ्रीडी मॉडेल करतो ते सॉफ्टवेअर) मॉडेलसारखं, सपाट फिके रंग आणि प्रत्येक कडेला काळी रेघ, एक टेक्स्चर नाही की शोभेला लावलेलं एक खोटं झाड नाही, आणि आमच्या त्या संगमरवर-लाकूड-ऊन वगैरे ओतलेल्या व्हिडिओंपेक्षा इथे जागा जास्त खरी वाटत होती. का ते मला दोन दिवस कळेना.

कारण बाबांनी सांगितलं.

आमचे बाबा चाळीस वर्षं साइट सुपरवायझर होते, आता रिटायर. मागे चहा घेऊन उभे होते, बघता बघता म्हणाले, "अगं एवढ्या उंचीवर कठडा नाही? नकाशा पास कोणी केला?" मी म्हटलं बाबा पडलं तरी लागत नाही, बघा, आणि उडी मारली. आता इथे या गेमची खरी गंमत आहे. खाली जमीन नाहीचे. खाली तीच बिल्डिंग परत आहे, तिच्याखाली परत तीच, वर तीच, बाजूला तीच, आणि तुम्ही पडत पडत ज्या गच्चीवरून उडी मारली त्याच गच्चीवर येऊन उतरता. म्हणजे एका टोकाला बाहेर पडलं की दुसऱ्या टोकातून आत, सांधा कुठेही दिसत नाही. त्यामुळे वरच्या मजल्यावर जायचं असेल आणि जिना नसेल तर खाली उडी मारायची! बाबा चहा विसरले. "परत पड," म्हणाले. मी पडले. "परत." चार वेळा पडले मी, मग माऊस त्यांच्याच हातात दिला आणि खुर्ची गेली ती गेलीच.

मग एका ठिकाणी आम्ही अडकलो. गेममधे झाडं आहेत, त्यांना फळांऐवजी रंगीत ठोकळे लागतात, ते तोडून बटणावर नेऊन ठेवले की दारं उघडतात. पण लाल ठोकळा लाल दिशा 'खाली' असतानाच हलतो, बाकी वेळी हवेत जिथल्या तिथे थिजून राहतो. मला हे नियम म्हणून पाठ झालं होतं पण वापरता येत नव्हतं, निळा ठोकळा घसरून जात होता सारखा. बाबा म्हणाले, "प्रत्येक ठोकळ्याला स्वतःचा ओळंबा आहे. लालचा ओळंबा तिकडे, निळ्याचा इकडे. मग लाल आधी अडणीला लाव ना, तो काय हलणार नाही, निळा त्याच्यावर ठेव." झालं! पुढचे चार दरवाजे त्यांनीच उघडले. ज्याने आयुष्यभर दोरीला वजन बांधून भिंती सरळ केल्या त्याला हा गेम माझ्याआधी कळला, आणि मी सॉफ्टवेअर शिकलेली बघत बसले.

आणि मला वाटतं जागा खरी वाटायचं कारण हेच आहे. आमच्या वॉकथ्रूमध्ये कॅमेरा रुळावरून सरकतो, बघणाऱ्याला वजनच नसतं, त्याला कुठे पडायची सोय नाही. इथे खाली कुठे हे सतत तुम्हालाच ठरवावं लागतं, म्हणून पायऱ्या, कोपरे, छज्जे सगळे अंगाने लक्षात राहतात. चिरने स्वतः फ्रँक लॉइड राइट आणि तादाओ आंदो या आर्किटेक्टची नावं घेतलीयत, त्यातला राइट मला त्या बाहेर झेपावणाऱ्या स्लॅबमध्ये दिसतो, आंदो फारसा नाही, आंदोला उन्हाची तिरीप लागते आणि इथे ऊन नाही, सूर्यच नाही. सूर्य नाही म्हणजे पूर्व नाही, पूर्व नाही म्हणजे वास्तुशास्त्र नाही, किचन आग्नेयेला हवं म्हणणारा क्लायंट नाही. किती शांत वाटलं सांगू. मला स्वतःला सगळ्यात जास्त आठवली ती साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटेची विहीर, तिथे पण जिना उतरून गेलं की विहीर आणि इमारत नक्की कुठे वेगळी होते ते समजत नाही.

आता नावडलेलं. नकाशा नाही, हिंट नाही, त्यामुळे अडकलात की अडकलात, आणि सगळीकडे तेच तेच दिसत असल्यामुळे आपण पुढे चाललोय का गोल फिरतोय हे कळत नाही. पुढे पाणी येतं, धबधबा वळवून चाकं फिरवायची वगैरे, ते दिसायला झकास पण ठोकळ्यांच्या कोड्याइतकं त्यात डोकं लागत नाही. प्रत्येक भाग संपला की सगळी भूमिती फुलासारखी उमलत-मिटत जाते, पहिल्यांदा तोंड उघडं राहिलं, नंतर नंतर जरा लांबण वाटली. आणि माणूस नाही एकही. एवढं मोठं बांधलंय ते कुणासाठी? एक खुर्ची, एक वाळत घातलेला टॉवेल तरी. लंडनचा लॉरेन्स लेक म्हणून एक आर्टिस्ट आहे, तोही आर्किटेक्चर शिकलेला, त्याने २०१५ मध्ये तिथली रॉयल अकॅडमी ही जुनी कलासंस्था गेम इंजिनात बांधली आणि एका गडगंज चिनी माणसाने ती राहायला विकत घेतलीय अशी कल्पना केली. ती जागाही रिकामीच, पण मालक कोण हे कळल्यावर ती बोचते. इथे तसं बोचणारं काही नाही, नुसतं सुंदर आहे.

सगळं सारखं गर्रकन वळतं त्याने मला मळमळायचं, ते पण सांगते. तो दोष गेमचा कमी, माझा जास्त, मला वरंधा घाटात एसटी पण लागते. अर्ध्या अर्ध्या तासाने उठले, खोलीत लाइट चालू ठेवला, आल्याची वडी तोंडात, मग जमलं. एकूण नऊ तास लागले मला, सवयीचे लोक लवकर संपवत असतील. आवाज मात्र हेडफोनवर ऐका, पडताना जो वारा लागतो कानाला तो स्पीकरवर येत नाही.

स्टीम आणि एपिक या गेमच्या ऑनलाइन दुकानांत आहे, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, स्विचवर पण आलाय. बाबांचा दुसरा राउंड चालू आहे, आणि काल रात्री जेवताना विचारत होते की या बिल्डिंगचं सेंट्रिंग कुठून लावायचं म्हणे, खालून की वरून.