आवाज परत आला म्हणजे बोर्ड बदलला असं नाही

चित्र स्वच्छ, आवाज गायब. घरी आलेला माणूस रिमोटने आवाज वाढवून बघतो, सोर्स एकदा बदलतो आणि लगेच निकाल देतो, "मेनबोर्ड (टीव्हीतला मुख्य सर्किट बोर्ड) गेलाय, टीव्ही न्यावा लागेल." काही दिवसांनी टीव्ही परत येतो तो खणखणीत वाजतच. नव्या बोर्डाचं बिल मग कोण तपासणार? बोर्ड न बदलताच त्याचं बिल लावायची ही फसवणूक चालते ती याच समाधानावर.

एका घरातला असाच प्रकार पुढे उघडकीस आला. साउंडबार कधीचाच काढून टाकला होता, पण टीव्हीतलं आवाजाचं आउटपुट 'ऑप्टिकल'वरच, म्हणजे साउंडबारच्या वायरकडेच, राहिलं होतं. त्यामुळे आतले स्पीकर बंद होते. बिल मात्र मेनबोर्डाचं आलं. टीव्ही घरी परतल्यावर वाय-फायचा पासवर्ड कोणाला टाकावा लागला नाही, सगळी ॲप्स जुन्याच खात्यांनी उघडली. इथेच चोरी पकडता आली असती. स्मार्ट टीव्हीत ही माहिती मेनबोर्डवरच्या मेमरी चिपमध्ये असते. बोर्ड खरोखर नवा असेल तर टीव्ही भाषा निवडण्यापासून सगळं नव्याने विचारतो.

म्हणून कोणालाही बोलवायच्या आधी आवाज नेमका कुठे अडतोय ते पाहा. सेटिंगमध्ये साउंड आउटपुट 'टीव्ही स्पीकर'वर आहे का? ब्लूटूथचा हेडफोन शेजारच्या खोलीत चालू राहिला तरी आवाज तिकडेच जात असतो. सेटटॉप बॉक्सवर आवाज नाही पण टीव्हीतल्या ॲपवर आहे, तर दोष बॉक्सचा, त्याच्या सेटिंगचा किंवा केबलचा. पेनड्राइव्हवरचा एखादाच सिनेमा मुका असेल तर त्याचा ऑडिओ बहुधा डीटीएसमध्ये असतो आणि तो फॉरमॅट तुमच्या टीव्हीला वाचता येत नसतो. त्यात बिघाड काहीच नाही.

साउंडबार एचडीएमआयने जोडला असेल तर केबल 'एआरसी' (ARC) किंवा 'ईएआरसी' (eARC) लिहिलेल्या पोर्टमध्येच हवी. बाकीच्या पोर्टमधून टीव्हीचा आवाज बाहेर येत नाही. सीईसी (CEC), म्हणजे एचडीएमआयने जोडलेली उपकरणं एकमेकांना चालवतात ती सोय, चालू करा (प्रत्येक कंपनीने त्याला वेगळं नाव दिलेलं असतं), डिजिटल आउटपुट 'पीसीएम' (PCM) या साध्या फॉरमॅटवर ठेवा आणि दोन्ही उपकरणांचे प्लग काढून दोन-तीन मिनिटांनी परत लावा. बऱ्याच तक्रारी इथेच मिटाव्यात.

आता वायरचा हेडफोन लावून पाहा. त्यात आवाज आला तर बोर्डाचा मोठा भाग शाबूत आहे. उरतात त्या तीन शक्यता: हेडफोनच्या जॅकमधला (पिन आत गेली की स्पीकर बंद करणारा) स्विच अडकलेला, स्पीकरचा कनेक्टर सैल किंवा आवाजाची ॲम्प्लिफायर आयसी (आवाज मोठा करणारी चिप) गेलेली. अडकलेला जॅक कित्येकदा पिन दहा-बारा वेळा आत-बाहेर केल्यावर सुटतो. स्पीकर तपासायला झाकण उघडावं लागतं, ते स्वतः उघडू नका. पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) प्लग काढल्यावरही जीवघेणा विद्युतदाब राहू शकतो. मेकॅनिकलाच तुमच्यासमोर मल्टिमीटर लावायला सांगा: ८ ओहमचा स्पीकर साधारण ६ ते ७ दाखवतो, ४ ओहमचा ३ ते साडेतीन. हा कमी आकडा दाखवून "स्पीकर उतरलाय" असं कोणी म्हणालं तर ते खोटं आहे. काहीच आकडा आला नाही तर मात्र स्पीकर खरंच गेला.

विचित्र आवाजांच्या नावावर याहून जास्त लुबाडतात, कारण घुमघुम ऐकली की माणूस घाबरतो. ॲम्प्लिफायर सतत घुमत असेल तर बंद करून त्याच्या सगळ्या इनपुट वायरी काढा आणि पुन्हा चालू करा. घुमघुम थांबली तर दोष बहुतेक वेळा अर्थिंगच्या लूपचा (उपकरणं एकापेक्षा जास्त वाटांनी अर्थिंगला जोडली गेल्याचा) किंवा खराब केबलचा. सगळी उपकरणं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावा. डिश किंवा केबलची वायर काढल्यावर आवाज जात असेल तर तिच्यावर आयसोलेटर (तो लूप तोडणारा छोटा जोड) बसवा. प्लगची अर्थिंगची पिन कापून आवाज घालवणाऱ्याला त्याच क्षणी थांबवा, तो तुमच्या जिवाशी खेळतोय. वायरी काढूनही आणि व्हॉल्यूम शून्यावर असतानाही घुमघुम राहिली, तर पॉवर सप्लायचे फिल्टर कपॅसिटर आधी तपासायचे. डोकं फुगलेला कपॅसिटर डोळ्यांनी दिसतो. तो बदलताना व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त आणि १०५ अंश सेल्सिअस तापमान सोसणारा हवा. एवढ्यासाठी अख्खा बोर्ड किंवा ट्रान्सफॉर्मर बदलायचं कारण नाही. व्हॉल्यूमचं बटण फिरवतानाच खरखर येत असेल तर प्लग काढून त्यात कॉन्टॅक्ट क्लीनर मारायचा, बटण वीसेक वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं.

टीव्ही न्यावाच लागला तर झाकण घरीच उघडायला लावा. बोर्डावरच्या स्टिकरचा आणि छापील नंबरचा फोटो काढा, पावतीवर तो नंबर लिहून घ्या आणि जुना भाग परत मागा. जुना बोर्ड एक्स्चेंजमध्ये द्यावा लागतो, हे कधी कधी खरंही असतं. तेव्हा हा फोटोच कामाला येतो.

नेटवर्कच्या माहितीत दिसणारा वायर्ड मॅक ॲड्रेसही (नेटवर्कसाठी उपकरणाला दिलेला ओळख क्रमांक) आधीच टिपून ठेवा, कारण फॅक्टरी रीसेट मारून टीव्ही नव्यासारखा दाखवता येतो. मेनबोर्ड बदलला की हा ॲड्रेस सहसा बदलतो. तोच राहिला असेल तर पैसे देण्याआधी झाकण पुन्हा उघडायला लावा आणि स्टिकरचा नंबर फोटोशी ताडून पाहा.