रेवस ते रेडी, सायकल आणि तंबू : एका हंगामाच्या वापरानंतर

ऑक्टोबरची तलखी ओसरल्यावर बाहेर काढलेला आणि मे अखेरीस धुऊन ठेवलेला हा संच. सगळा वापर कोकणच्या सागरी मार्गावर, कधी तुकड्यांनी, कधी सलग. क्रोमोली स्टीलची फ्रेम, ७०० × ३८ चे टायर, मागच्या चाकाला ३६ स्पोक, पुढे तीन चकत्या (सर्वात लहान २६ दात्यांची), मागे ११ ते ३४ दात्यांची कॅसेट (मागच्या गिअरचा संच), केबलवर चालणारे डिस्क ब्रेक, स्टीलच्या नळीचं कॅरिअर, तोंड गुंडाळून बंद करायच्या २० लिटरच्या दोन पॅनिअर (कॅरिअरच्या बाजूंना लटकवायच्या पिशव्या) आणि दोन माणसांचा दुहेरी कापडाचा तंबू. पाणी सोडून सामान १८ किलोच्या आत.

निकाल आधीच सांगून टाकतो. या किनाऱ्यावर सामान खड्ड्यांनी कमी आणि मिठाने जास्त मरतं. आणि माणूस अंतराने दमत नाही, खाडीतून सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उंच माळावर, चढताना दमतो. त्यामुळे तंबूचं वजन दोनशे ग्रॅमने कमी करायला जादा पैसे मोजण्यापेक्षा तेच पैसे मागच्या मोठ्या दात्यांच्या कॅसेटवर आणि स्टेनलेस बोल्टांवर घालावेत.

गिअरचंच बघा. नकाशावर किनाऱ्याचा रस्ता सपाट वाटतो. प्रत्यक्षात प्रत्येक खाडीपाशी तो समुद्रसपाटीला उतरतो आणि पलीकडे जांभ्याच्या सड्यावर सरळ चढतो. लाडघरपासून दाभोळपर्यंतचा पट्टा, वेळणेश्वर-हेदवीच्या घाट्या, जयगड जेटीवरून वर येणारा रस्ता, आरे-वारेचा चढ, सगळीकडे हाच प्रकार. हे चढ लांब नाहीत, पण उभे आहेत. पुढे २६ आणि मागे ३४ असताना मिनिटाला ६० पायडल मारले तर वेग ताशी सहा किलोमीटर पडतो. रोड बाइकच्या ३४-२८ जोडीवर त्याच लयीत नऊच्या वर वेग ठेवावा लागतो. माणूस, सायकल आणि सामान मिळून शंभर किलो धरले, तर बारा टक्के चढावर त्यासाठी तीनशे वॅट लागतात. कमी गिअरवर दोनशेच्या आसपास भागतं. म्हणजे तिथे रोड बाइकवाला उतरून ढकलतो किंवा गुडघे दुखवून घेतो. दिवसाला ५० ते ६० किलोमीटरच धरावेत. देशावरचा शंभराचा हिशोब इथे चालत नाही, कारण मध्ये खाडी ओलांडायला ‘तर’, म्हणजे बोट, पकडायची असते.

तरीचं (आता सगळे फेरीबोटच म्हणतात) थोडक्यात : आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड या चार ठिकाणी सायकल बोटीवर जाते. जोराच्या ओहोटीला जेटीचा उतार उघडा पडतो आणि त्यावर शेवाळ असतं. तिथे सायकलवर बसून उतरू नये, क्लीटचे (पायडलला अडकणारे) बूट तर काढूनच ठेवावेत. दाभोळची शेवटची बोट चुकली तर चिपळूणचा वळसा पडतो, म्हणजे पुढचा दिवस गेलाच. जयगडला निदान राई-भातगावचा पूल आहे.

दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडे ठेवावी. नोव्हेंबर ते मे दुपारनंतर वारा वायव्येकडून असतो, तो पाठीवर मिळतो. उलट दिशेने आलात तर रोज दुपारी तोंडावर घ्याल.

आता तंबू. इथे सगळ्यात जास्त पैसे चुकीच्या जागी जातात, म्हणून जरा सविस्तर.

दांड्यांवर स्वतः उभा राहणारा तंबू घ्यावा. एका काठीवर आणि ताणदोऱ्यांवर उभे राहणारे हलके तंबू इथे कुचकामी आहेत, कारण खुंटी रोवायला जमीनच नाही. सड्यावर बोटभर मातीखाली जांभा. पुळणीवर कोरडी वाळू, तिच्यात सात इंची खुंटीही संध्याकाळच्या वाऱ्यात उपटून येते. वाळूत खुंटी उभी रोवूच नये. सामानाची रिकामी पिशवी वाळूने भरावी, दोरी तिच्या मधोमध बांधावी आणि पिशवी हातभर खोल पुरून वरून वाळू दाबावी. ही पकड हलत नाही. सड्यावर दोऱ्या दगडांना बांधायच्या. मात्र दगड आधी काठीने किंवा बुटाने उलटवावा, मग हात लावावा. रत्नागिरी आणि देवगडकडच्या सड्यांवर फुरसं (विषारी साप) असतं आणि ते जांभ्याच्या दगडाखालीच बसतं. रात्री लघवीला उठलात तरी बूट झटकून, बॅटरी लावून.

तंबूचं दार कुठल्या दिशेला करायचं? संध्याकाळी समुद्राकडचा वारा येतो म्हणून सगळे दार पश्चिमेला करतात. पहाटे मतलई वारा जमिनीकडून सुटतो आणि दव बाहेरच्या कापडावर थबथबून बसतं. दार एका बाजूलाच असलेल्या तंबूत पहाटेपर्यंत आत पाणी ठिबकायला लागतं. म्हणून दोन्ही बाजूंना दार आणि वर दोन झरोके असलेला तंबू घ्यावा, आतला तंबू जाळीचा असावा आणि झरोके रात्रभर उघडे ठेवावेत. डिसेंबर-जानेवारीत कोकणात रात्री थंडी पडते, पण पातळ गोधडी किंवा हलकी झोपपिशवी पुरते. मार्चनंतर सुती चादरीवर भागतं. हवा भरायची गादी सड्यावर टिकत नाही, करवंदीचा एक काटा पुरे. फोमची गुंडाळायची चटई अवजड दिसते, पण ती फुटत नाही आणि दुपारी पडवीत आडवं व्हायलाही कामाला येते.

सुरूच्या बनात तंबू छान लागतो, सावली आणि वारा दोन्ही मिळतात. खालची काटेरी फळं मात्र हाताने गोळा करून काढावीत, नाहीतर तळाच्या कापडाला बारीक भोकं पडतात आणि ती पहिल्या ओलीतच कळतात. चूल पेटवू नये, सुरूची वाळकी पानं पटकन पेट घेतात आणि बहुतेक बनं वनखात्याची आहेत. माडाखाली तंबू लावणाऱ्याला गावकरी हटकतातच. नारळ सोडा, वाळलेली झावळी पडली तरी तंबूची दांडी वाकते. आंब्याखाली लावाल तर आधी वर बघावं. पानं शिवलेली घरटी दिसली की तिथे ओंबील (चावऱ्या लाल मुंग्या) आहेत. एप्रिल-मे महिन्यांत आंब्याच्या बागेत राखण असते, तेव्हा तिथे विचारूही नये. इतर वेळी वाडीतल्या कुणाला, पोलीस पाटलाला किंवा देवळाच्या पुजाऱ्याला विचारलं की बहुधा खळं नाहीतर देवळाची धर्मशाळा मिळते. विचारल्याशिवाय लावलेल्या तंबूकडे रात्री बॅटऱ्या येतात, आणि त्यात गावकऱ्यांची चूक नसते. वेळास, आंजर्ले अशा कासवांच्या किनाऱ्यांवर नोव्हेंबर ते एप्रिल पुळणीवर तंबू आणि दिवा दोन्ही नको. ऑलिव्ह रिडले मादी उजेड बघून माघारी फिरते आणि पिल्लं समुद्र सोडून उजेडाकडे वळतात.

भरतीचा हिशोब कोळीवाड्यात पोरालाही येतो : तिथी गुणिले पाऊण. चतुर्थीला तीनला, अष्टमीला सहाला, एकादशीला सव्वाआठला पूर्ण भरती. त्यानंतर साधारण साडेबारा तासांनी पुन्हा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तंबूसाठी एवढं पुरतं. पौर्णिमेच्या चांदण्यात वाळूवर झोपायची हौस असणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावं : त्या तिथीला उधाणाची भरती नेमकी मध्यरात्रीच्या आसपास येते. वाळलेल्या शेवाळाची आणि काटक्यांची जी सर्वात वरची रेघ दिसते, तिच्याही वर, वेल आणि गवत धरलेल्या उंचवट्यापलीकडे झोपावं.

मिठाकडे येतो. समुद्रापासून दोन-तीनशे मीटरवर रात्र काढली की सकाळी चेनवर तांबूस पुटकुळ्या दिसतात. त्यावर लोक जाड ओलं तेल ओततात, आणि तिथेच घोळ होतो. कोकणचा तांबडा धुरळा आणि वाळू त्या तेलात बसते, आणि चेन व कॅसेट दोन्ही घासली जातात. मेणाची चेन स्वच्छ राहते, पण खाऱ्या दवात दोन रात्रींत गंजते. मधला मार्ग बरा ठरला : रोज संध्याकाळी चेन कोरड्या फडक्याने पुसायची, प्रत्येक कडीच्या रुळावर पातळ तेलाचा एकेक थेंब, पायडल उलटे फिरवायचे, आणि दहा मिनिटांनी बाहेरचं तेल पूर्ण पुसून काढायचं. तेल आत हवं, बाहेर नको. चेन मोजायची पट्टी जवळ ठेवावी. ताण (चेनची वाढलेली लांबी) ०.५ टक्क्यावर आला की चेन बदलली तर कॅसेट वाचते, ०.७५ च्या पुढे गेल्यावर बहुतेक वेळा दोन्ही जातात.

ओहोटीच्या घट्ट पुळणीवर सायकल चालवायचा मोह कर्दे-मुरूडला आणि दिवेआगरला सगळ्यांना होतो. फोटो चांगले येतात. पण चाकाने उडवलेलं खारं पाणी हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) सीलमधून आत जातं आणि महिन्याभराने छर्रे करकरायला लागतात. गेलातच तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवावं. पाणी तांब्याने वरून सोडावं, पाइपचा जोराचा फवारा हबवर मारू नये, तो मीठच आत ढकलतो. डिस्कवर रात्रीतून येणारा तांबूस थर घाबरण्यासारखा नाही, पहिल्या चार ब्रेकांत निघून जातो. तिथे तेलाचा हात लागला तर मात्र पॅड गेले. रेझिनचे पॅड ओल्या वाळूत भराभर झिजतात. धातुमिश्रित पॅड आवाज करतात, पण टिकतात. केबलच्या डिस्कमध्ये आतला पॅड आपोआप सरकत नाही, तो स्क्रूने एकेक खाच पुढे घ्यावा लागतो. लिव्हर हँडलला टेकायला लागला की लोक केबल ओढत बसतात आणि डिस्क एका बाजूला वाकवून ठेवतात.

कॅरिअरचे बोल्ट एम-५, चावी ४ मिलिमीटरची. पहिले तीन दिवस रोज, नंतर तीन दिवसांनी एकदा तपासावेत. जांभ्याच्या खडीवर ते हमखास सैल होतात, आणि सैल बोल्ट आवळला नाही तर तो तुटून त्याचं निम्मं अंग फ्रेममध्ये राहतं. मग सुताराचं ड्रिल शोधत फिरा. निळं थ्रेडलॉकर (बोल्टचे आटे धरून ठेवणारा डिंक) लावल्यावर हा त्रास थांबला. कॅरिअरच्या नळीवर पॅनिअर घासून रंग जातो, म्हणून लोक जुनी ट्यूब गुंडाळतात. तसं करू नये, खाली खारं पाणी अडकतं आणि झाकलेला गंज दिसत नाही. पातळ पारदर्शक चिकटपट्टी लावावी. सीटपोस्ट ॲल्युमिनियमचा आणि फ्रेम लोखंडी असेल तर मध्ये ग्रीस हवंच. या दोन धातूंत खारा ओलावा शिरला की पांढरी भुकटी धरते आणि पोस्ट असा धरतो की शेवटी कापावा लागतो. पायडलच्या आट्यांनाही तेच. स्पोकचे निपल पितळी घ्यावेत, ॲल्युमिनियमचे दोन हंगामांत ठिसूळ होतात.

टायर ३८ चे, मागे ५५ आणि पुढे ४५ पीएसआय. श्वाल्बे मॅरेथॉनसारखा तीन मिलिमीटर रबराचा थर असलेला टायर जड आहे, पण त्या वजनाची तक्रार नाही. पंक्चर झाली ती बहुतेक जेटीजवळ, कालवांच्या कपच्यांनी.

स्टोव्हबद्दल फार लिहायला नको. गॅसचा छोटा डबा कोकणातल्या गावात मिळत नाही आणि जेवण दर गावात मिळतं, थाळीची वेळ तेवढी दुपारी दोनच्या आत गाठावी. सकाळच्या चहापुरता स्टोव्ह ठेवला तरी चालतो, नाही ठेवला तरी. पाण्याची सोय मात्र साडेतीन-चार लिटरची ठेवावी. सड्यावर मैलोन्‌मैल घर नाही, आणि दमट हवेत घाम वाळत नसल्याने किती पाणी गेलं ते कळत नाही. मीठ-साखरेची पुडी पूर्ण एक लिटरमध्येच विरघळवायची, अर्ध्या बाटलीत नाही.

पावसाळ्याआधी ठेवण करताना तंबूला गोड्या पाण्याची आंघोळ, झिपमधली वाळू जुन्या दातांच्या ब्रशने साफ, दांड्यांचे सांधे पुसून कोरडे. झिप बंद करूनही मागे उघडी राहत असेल तर झिप बदलायची घाई नको. दात चांगले असतात, सरकपट्टी (झिपचा ओढायचा खटका) रुंदावलेली असते. ती पकडीने दोन्ही कडांना अगदी हलकी दाबली की पुढचा हंगाम निघतो. तंबू घडी घालून त्याच्या घट्ट पिशवीत ठेवू नये. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात आतला पाणी अडवणारा पीयू (पॉलियुरेथेन) थर ओल धरतो, चिकट होतो, आंबूस वास येतो, आणि मग त्याला इलाज नाही. सैल सुती उशीच्या अभ्र्यात, माळ्यावर नाही तर रोज उघडणाऱ्या कपाटात. सीटपोस्ट काढून सायकल उलटी करावी, फ्रेममधलं पाणी निथळू द्यावं, आतून गंजरोधक फवारावं आणि पोस्ट नव्या ग्रीसने बसवावा.